तबकडीत न मावणारं कीर्तन



एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आपल्या बेने इस्राएल समाजात मराठी कीर्तनं होऊ लागली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं पेटी, तबला आणि झांजांच्या साथीनं रंगत. पद, मग निरूपण, मग पुन्हा पद. त्याला घाई चालत नाही. भावांनी योसेफला कोरड्या विहिरीत टाकलं, तिथेच कीर्तनकार थांबला तर श्रोते घरी कसे जातील?

ध्वनिमुद्रणाला मात्र पहिल्यापासून घाई. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. रागाचा विस्तार तेवढ्यातच उरकायचा. बालगंधर्वांची रंगभूमीवर वन्समोअर घेत रंगणारी पदंही तबकडीवर आली ती अशीच आटोपशीर होऊन. तीन मिनिटांत कीर्तनाचं एखादं पद बसेल, आख्यान नाही.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं एलपी आणली. ७८ ऐवजी मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेरे आणि बारीक, जवळजवळ कोरलेल्या खाचा, म्हणून एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली. पण तबकडी काढणं कंपनीचं काम, घरच्या माणसाच्या हातातलं नव्हे.

ते हातात आलं कॅसेटमुळे. फिलिप्सनं ती १९६३ साली आणली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये दर बाजूला पंचेचाळीस मिनिटं. टेपरेकॉर्डर समोर ठेवला की झालं. फक्त बाजू उलटताना दोन-चार वाक्यं निसटत.

१९८२ साली सीडी बाजारात आली. तिच्यावर ७४ मिनिटं, पुढे ८० मिनिटं मावू लागली. म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट एका सीडीवर बसत नाही. अडचण इथेच येते. बसवायची म्हणून शेवटची दहा मिनिटं कापली, तर कीर्तनाचा शेवटच जातो.

तेव्हा आधी अख्खी कॅसेट न कापता संगणकावर उतरवून घ्या. मग दोन सीडी करा आणि पहिली पद संपेल तिथे संपवा, निरूपणाच्या मध्येच नको. एका सीडीवर निरनिराळे ट्रॅक पाडायचे तर सीडी ‘डिस्क ॲट वन्स’ पद्धतीनं भरा. ‘ट्रॅक ॲट वन्स’मध्ये प्रत्येक ट्रॅकच्या आधी दोन सेकंद शांतता येते आणि ताल तुटतो. एकच डिस्क हवी असेल तर एमपी३ करा. नेहमीच्या १२८ केबीपीएस दर्जात ७०० एमबीच्या सीडीवर सुमारे बारा तास मावतात. आवाज थोडा दबतो, पण आख्यान अखंड राहतं. अशी डिस्क वाजवणारं यंत्र मात्र एमपी३ ओळखणारं हवं.

मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली. मूळ कागद जपायचा आणि कामाला नक्कल वापरायची, ही सवय तिथली. इथेही तेच करा. घरी भरलेल्या सीडीसुद्धा कालांतरानं खराब होतात. त्या उन्हात ठेवू नका, आणि संगणकावरची पूर्ण प्रत आणखी एका ठिकाणी ठेवा.

दिमोना, लोद, अश्दोदच्या घरांत भारतातून आणलेल्या कॅसेट असतील. फीत चिकटत जाते, आवाज विरतो. त्यांवर लिहिलेली नावं ओळखणारी माणसं आज आपल्यात आहेत. कॅसेट उतरवाल तेव्हा त्यांना शेजारी बसवा. कोण गातंय, पेटीवर कोण आहे, हे विचारून लिहून ठेवा. ते कुठल्याच तबकडीवर सापडणार नाही.