‘निव्वळ फेरबदल केलेले नव्हे’ : अपंग स्वार आणि एटीव्ही वाहनाचे अनुकूलन – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भारताच्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये अपंगांच्या वाहनाची जी व्याख्या मुळात देण्यात आली होती, तिच्यात एक लक्षणीय अट होती. असे वाहन अपंग व्यक्तीच्या वापरासाठी खास आखलेले आणि बांधलेले असावे, निव्वळ फेरबदल केलेले नसावे, असे ती व्याख्या सांगत होती. हीच शब्दयोजना ब्रिटनच्या रस्ते वाहतूक कायद्यातही आढळते. अपंग व्यक्तीचे वाहन इतरांच्या वाहनापेक्षा मुळातच वेगळे असते आणि सामान्य वाहनात केलेला बदल ही दुय्यम बाब असते, हे या शब्दयोजनेमागचे गृहीतक होय.

प्रत्यक्ष इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. चिखल, वाळू, बर्फ, नांगरलेले शेत किंवा डोंगरउतार अशा रस्ता नसलेल्या जमिनीवरून जाणारे आणि ‘एटीव्ही’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे वाहन अपंगांसाठी निर्माण झाले नव्हते. किंबहुना चपळ आणि धडधाकट स्वार गृहीत धरूनच त्याची रचना झाली होती. तरीही चाकांची खुर्ची जेथे रुतते तेथे जाण्यासाठी अनेक अपंग व्यक्तींनी हेच वाहन निवडले आणि आपल्या शरीराला अनुरूप करून घेतले. या अनुकूलनात कोणता प्रश्न सहज सुटला, कोणता सुटला नाही आणि त्यामुळे वाहनाच्या निवडीची दिशा कशी बदलली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका : ब्रिटनची ‘इन्व्हाकार’

हातांनी चालविण्याच्या यंत्रणेचा इतिहास एटीव्हीपेक्षा जुना आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ सालच्या आजाराने निकामी झाले होते. त्या आजाराचे निदान पोलिओ असे झाले होते. जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज परिसरात ते जी फोर्ड मोटार स्वतः चालवीत, तिला हाताने हलविण्याचे दांडे बसविलेले होते. अर्थात ही सोय एका साधनसंपन्न व्यक्तीपुरती होती.

व्यापक प्रमाणावरील प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. बर्ट ग्रीव्ह्ज या अभियंत्याने आपला अपंग चुलतभाऊ डेरी प्रेस्टन-कॉब याच्या चाकांच्या खुर्चीला छोटे इंजिन जोडले आणि त्यातून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ‘इन्व्हाकार’ ही कंपनी उभी राहिली. तिच्या तीनचाकी गाड्या, तसेच इतर उत्पादकांच्या तत्सम गाड्या, शासनाच्या आरोग्य यंत्रणेमार्फत अपंग नागरिकांना पुरविण्यात येत. पुढे याच ग्रीव्ह्ज यांनी मोटारसायकली बनविल्या. त्या खडतर जमिनीवरील शर्यतींत नावाजल्या आणि १९६० व १९६१ साली डेव्ह बिकर्स याने २५० सीसी गटातील युरोपीय मोटोक्रॉस अजिंक्यपद त्यांवर मिळविले. अपंगांची गाडी आणि खडतर जमिनीवरचे वाहन या दोन धारा एकाच माणसाच्या कारखान्यात अशा रीतीने एकत्र आल्या होत्या. मात्र अपंगाला त्या दुसऱ्या वाहनावर बसविण्याचा विचार तेथे झाला नाही. त्याच्यासाठी वेगळी, फिकट निळ्या रंगाची, एकाच आसनाची गाडी ठरलेली होती.

कायद्याने अपेक्षिलेले ‘खास आखलेले व बांधलेले’ वाहन ते हेच. त्याने हजारो लोकांना घराबाहेर काढले, हे त्याचे ऋण नाकारता येत नाही. तथापि सोबत कोणालाही नेता येत नसल्याने पती-पत्नीला एकत्र प्रवास करणे अशक्य होते. शिवाय तीनचाकी रचनेच्या स्थिरतेविषयी तक्रारी होत्या. १९७४ साली लेडी शार्प यांच्या अहवालाने या धोरणाचा फेरविचार सुचविला. १९७६ पासून वाहनाऐवजी गतिशीलता भत्ता देण्याची पद्धत सुरू झाली आणि १९७७ साली स्थापन झालेल्या ‘मोटॅबिलिटी’ या संस्थेमुळे या भत्त्यातून सामान्य मोटार घेऊन ती अनुकूलित करून वापरणे शक्य झाले. मार्च २००३ अखेर शासकीय तीनचाकी गाड्या रस्त्यावरून हटविण्यात आल्या. कोणते वाहन योग्य, हे ठरविण्याचा अधिकार शासनाकडून वापरणाऱ्याकडे सरकला, हा या घटनाक्रमाचा मथितार्थ होय.

एटीव्हीचा उदय

याच सुमारास एटीव्हीचा जन्म होत होता. हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री थंडावते, म्हणून त्या मोसमात विकता येईल असे काही उत्पादन द्यावे, अशी मागणी होंडा कंपनीच्या अमेरिकी शाखेने १९६७ साली केली होती. ओसामू ताकेउची या जपानी अभियंत्याकडे हे काम आले. त्यातून १९७० साली ‘यूएस ९०’ हे तीनचाकी वाहन बाजारात आले. त्याच्या रुंद, फुगीर टायरांत हवेचा दाब अत्यंत कमी असे. त्यामुळे भार मोठ्या पृष्ठभागावर पसरून वाहन बर्फात वा वाळूत रुतत नसे. पुढे १९८२ मध्ये सुझुकीने ‘क्वाडरनर एलटी १२५’ हे चारचाकी एटीव्ही आणले. तीनचाकी वाहनांच्या वाढत्या अपघातांमुळे १९८८ साली अमेरिकी शासन आणि उत्पादक यांच्यात न्यायालयीन तडजोड झाली व नव्या तीनचाकींची तेथील विक्री थांबली. त्यानंतर एटीव्ही म्हणजे चारचाकी, हे समीकरण रूढ झाले.

सुटलेला प्रश्न : नियंत्रण

जुन्या पद्धतीच्या एटीव्हीमध्ये उजव्या हाताच्या अंगठ्याने वेग वाढवावा, डाव्या पायाने गिअर बदलावा आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबावा, अशी विभागणी असते. पायांत शक्ती नसलेल्या स्वाराच्या दृष्टीने यातील गिअर आणि पायब्रेक हे दोन अडथळे होत. १९८५ साली पोलारिस या अमेरिकी कंपनीने पट्ट्यावर चालणारी, आपोआप वेगानुसार जुळवून घेणारी पद्धत एटीव्हीमध्ये आणली आणि गिअर बदलण्याचे कामच नाहीसे झाले. होंडाने १९९८ च्या सुमारास हँडलवरील बटणाने गिअर बदलण्याची सोय दिली. मागच्या ब्रेकसाठी हँडलवर दांडी जोडणे हे साध्या कार्यशाळेतही होण्यासारखे काम होते. २००७ सालच्या यामाहा ग्रिझली ७०० या वाहनात विजेच्या साहाय्याने हँडल वळविण्याची सोय आली. तिचा लाभ एका हाताने वाहन चालविणाऱ्यास विशेषत्वाने झाला, कारण खड्ड्यांतून हँडलला बसणारे हिसके तिने सौम्य केले.

यांतील जवळपास कोणतीही सुधारणा अपंगांना डोळ्यांपुढे ठेवून झालेली नव्हती, ही बाब येथे नोंदवली पाहिजे. सामान्य ग्राहकाच्या सुखसोयीसाठी बाजाराने जे केले, त्यातून अपंग स्वाराने आपल्या उपयोगाचे ते वेचून घेतले.

न सुटलेला प्रश्न : तोल

नियंत्रणाचा प्रश्न सुटला तरी दुसरा, अधिक गंभीर प्रश्न शिल्लक राहतो. एटीव्हीवर स्वार घोड्यावर बसावा तसा बसतो. वळताना, चढताना, उतरताना त्याने अंगाचा भार योग्य दिशेला झुकविला तरच वाहन स्थिर राहते. अनेक वाहनांत मागची दोन्ही चाके एकाच सलग आसाला जोडलेली असल्याने वळण घेण्यासाठीही भार एका बाजूला टाकावा लागतो. हे काम मांड्या, पोटऱ्या आणि धडाचे स्नायू करतात. म्हणजेच स्वाराचे शरीर हाच या वाहनाचा एक कार्यरत भाग असतो. कण्याच्या दुखापतीमुळे धडावर ताबा नसलेल्या व्यक्तीजवळ नेमका हाच भाग नसतो.

संवेदना हरपलेली असल्यास धोके आणखी वाढतात. पाय पावठ्यावरून घसरून मागच्या चाकाखाली गेला तरी कळत नाही. इंजिनाच्या उष्णतेने कातडी भाजली तरी वेदना होत नाही. सततच्या धक्क्यांनी बैठकीच्या जागी दाबजखम होऊ शकते व ती भरून यायला महिनोन्महिने लागतात. म्हणून पाय अडकविण्यासाठी खोलगट पावठे, उष्णतारोधक आवरण, पाठीचा आधार आणि दाब विभागणारी उशी हे बदल पुढे आले.

तथापि पाठीचा आधार दिल्यावर साहजिकच पुढचा विचार येतो तो स्वाराला पट्ट्याने बांधण्याचा. आणि येथेच अनुकूलन घातक ठरू शकते. वाहन उलटू लागल्यास धडधाकट स्वाराला अंग बाजूला टाकून सुटण्याची संधी असते. बांधलेला स्वार मात्र कित्येक किलोग्रॅम वजनाच्या यंत्राबरोबर उलटतो व त्याखाली चिरडला जातो. वर संरक्षक सांगाडा नसेल तर पट्टा हा आधार नसून सापळा होय. ऑस्ट्रेलियाने २०१९ साली केलेल्या मानकानुसार ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या नव्या चारचाकी एटीव्हींना उलटल्यावर माणसासाठी जागा राखणारी कमान सक्तीची झाली. हा धोका अपंगांपुरता मर्यादित नाही, हे त्यावरून दिसून येते.

निवडीची बदललेली दिशा

या अडचणीचे उत्तर एटीव्हीत आणखी बदल करण्यात नव्हते, तर वेगळे वाहन निवडण्यात होते. कावासाकीने १९८८ मध्ये आणलेली ‘म्यूल’, पोलारिसची १९९८ ची ‘रेंजर’ आणि यामाहाची २००४ ची ‘ऱ्हायनो’ या वाहनांत दोन माणसे शेजारी-शेजारी बसतात. पाठीला टेकणारी आसने, पट्टे आणि भोवती सांगाडा असल्याने येथे पट्टा आपले खरे काम करतो. पाय वापरता न येणाऱ्यास वेग व ब्रेक यांसाठी मोटारीत बसवतात तसा हातदांडा पुरेसा ठरतो. चाकांच्या खुर्चीतून आसनावर सरकणेही तुलनेने सोपे असते आणि खुर्ची मागच्या हौद्यात मावते. शेजारच्या आसनावर सोबती असू शकतो. ‘इन्व्हाकार’ने नाकारलेली सोबत येथे परत मिळाली.

मात्र या उत्तरालाही किंमत आहे. असे वाहन रुंद असल्याने अरुंद पायवाटेवर चालत नाही आणि ते महागही पडते. ज्याचा धडावर ताबा शाबूत आहे, उदाहरणार्थ गुडघ्याखाली पाय गमावलेला स्वार, त्याला साधी एटीव्हीच अधिक उपयुक्त ठरू शकते. म्हणून आधी शरीराची क्षमता, मग जमिनीचे स्वरूप, त्यानंतर वाहन आणि सर्वांत शेवटी त्यातील बदल, असा क्रम अनुभवातून पुढे येतो. अमेरिकेत १९७९ साली पर्ड्यू विद्यापीठात सुरू झालेला ‘ब्रेकिंग न्यू ग्राउंड’ हा उपक्रम आणि १९९० च्या कृषी कायद्यान्वये उभा राहिलेला ‘ॲग्रॲबिलिटी’ कार्यक्रम यांनी अपंग शेतकऱ्याच्या कामाचा विचार त्याच्या शेतावर जाऊन करण्याची पद्धत रुजविली. तेथे असे वाहन करमणुकीचे साधन नसून गुरांपर्यंत, कुंपणापर्यंत व पिकापर्यंत पोहोचण्याचे, म्हणजेच उपजीविका टिकविण्याचे साधन असते.

प्रवेशाचा प्रश्न आणि कायदा

वाहन मिळाले तरी ते कोठे नेता येईल, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्याने संरक्षित अरण्यप्रदेशात मोटारवाहनांना बंदी घातली. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने तेथे चाकांच्या खुर्चीला मुभा दिली. पण जी केवळ अपंगांसाठी आखलेली आहे आणि इमारतीच्या आत पादचाऱ्यांच्या जागेतही चालू शकते, तीच खुर्ची. एटीव्ही या व्याख्येत बसत नाही. याउलट मार्च २०११ पासून लागू झालेल्या नियमांनी अन्य सार्वजनिक ठिकाणी ‘इतर शक्तिचालित साधने’ असा वर्ग मान्य केला आणि आकार, वजन, वेग, गर्दी व पर्यावरणाची संभाव्य हानी पाहून परवानगी ठरवावी असे सांगितले. येथे साधन कोणासाठी बनविले यापेक्षा ते कोण, कोठे व कसे वापरतो याला महत्त्व आले.

भारतीय संदर्भ

महाराष्ट्रात आणि अन्यत्र अपंगांचे परिचित वाहन म्हणजे बाजूला दोन जादा चाके जोडलेली स्कूटर. पुण्याच्या कायनेटिक उद्योगसमूहाने जपानच्या होंडाच्या सहकार्याने १९८४ साली आणलेल्या स्कूटरमध्ये गिअर बदलण्याची गरज नव्हती व इंजिन बटणाने सुरू होई. पट्ट्याच्या ज्या तत्त्वाने एटीव्ही सुलभ केली, त्याच तत्त्वाने येथे स्कूटर सुलभ केली. परंतु डांबरी रस्ता संपताच या रचनेची मर्यादा उघड होते. खाचखळग्यांत जादा चाके उंचवट्यावर टेकली की इंजिनाचे चाक अधांतरी राहू शकते आणि स्कूटर जागीच अडते. बांधावरून, पाणंदीतून शेतात जाणे हे अनेक अपंग शेतकऱ्यांना त्यामुळे दुसऱ्याच्या भरवशावर सोपवावे लागते.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमातील जुनी व्याख्या जाऊन ‘अनुकूलित वाहन’ ही नवी व्याख्या आली. तिच्यात खास बांधलेल्या वाहनाबरोबर फेरबदल केलेल्या वाहनाचाही समावेश आहे. ‘निव्वळ फेरबदल केलेले नव्हे’ ही अट अशा रीतीने एकतीस वर्षांनी संपुष्टात आली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, अपंग स्वाराच्या वाहनाचा इतिहास हा यंत्रातील सुधारणांइतकाच निर्णयाधिकाराचाही इतिहास आहे. हाताने वेग व ब्रेक सांभाळण्याची युक्ती लवकर साधली. शरीराचा तोल आणि उलटण्याचा धोका यांनी मात्र अनुकूलनाची सीमा दाखवून दिली. ही सीमा ओळखून वाहनच बदलणे हाही अनुकूलनाचाच भाग होय. आपले शरीर व आपली जमीन यांचे ज्ञान सर्वाधिक ज्याला असते, त्या स्वाराला निवडीत पहिले स्थान मिळाले तेव्हा साधन जीवनाशी जुळले. ते न मिळाले तेव्हा सदिच्छेने दिलेली गाडीही एकाकीपणाचे कारण ठरली. भारतीय कायद्याने फेरबदलाला मान्यता दिली आहे. रस्ता जेथे संपतो तेथून पुढचा प्रवास सुकर करणे, हे अभियांत्रिकी, कृषी आणि समाजविज्ञान या तिन्ही शाखांपुढील काम आहे.