एका मालमोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द ऐकला कीं आपल्या मनश्चक्षूंपुढें एखादें देवालय उभें राहतें. पडका सभामंडप, पिंपळाच्या मुळांनीं फोडलेला कळस, आणि तें सारें पुन्हां सुस्थितींत आणणारा कोणी पुण्यशील दाता, अशी त्या शब्दाची परंपरा आहे. अहल्याबाई होळकरांनीं १७८० मध्यें काशीस विश्वेश्वराचें मंदिर पुन्हां बांधविलें, त्याचें स्मरण करून आपण हा शब्द आदरानें उच्चारतों. परंतु ज्या वस्तूपुढें कोणी कधीं हात जोडले नाहींत, मक्याचीं पोतीं, कुंपणाचे खांब आणि प्रसंगीं शेणखत वाहण्यांत जिचें आयुष्य गेलें, अशा मालमोटारीचाहि जीर्णोद्धार होतो. आणि देवालयाच्या बाबतींत जे पेंच पडतात तेच तेथेंहि पडतात, हें आम्हांस अमेरिकेंतील एका शेजाऱ्याच्या गॅरेजांत उमगलें.

आमची कन्या ओहायओ संस्थानांत राहते. गेल्या वर्षीं कांहीं महिने आमचा मुक्काम तिच्याकडे होता. शेजारचे गृहस्थ शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांची शेती विकली गेली. तिच्याबरोबर विकली न गेलेली एकच वस्तु म्हणजे १९५१ सालची शेव्हरोले पिकअप. कित्येक वर्षें उघड्यावर उभी असलेली ती गाडी त्यांनीं ओढून घरीं आणली होती. मूळचा हिरवा रंग कोठेंकोठें उरलेला, बाकी सर्वांग गंजानें तांबूस. उजव्या दारावर मात्र पांढऱ्या अक्षरांत वडिलांचें नांव आणि गांव, वडिलांनींच ब्रशानें लिहिलेलें, अर्धेंअधिक पुसट. आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा, हें कळल्यावर त्यांनीं आम्हांस विचारलें, "हें दार खरवडून नवा रंग द्यावा, कीं असेंच ठेवावें?" तीस वर्षें इतिहास शिकवूनहि आम्हांस त्याचें उत्तर तत्काळ देतां आलें नाहीं.

पिकअप म्हणजे पुढें दोघांतिघांना बसण्याची बंद केबिन आणि मागें बुटक्या कठड्याची उघडी पेटी, अशी हलकी मालमोटार. अमेरिकन शेतकऱ्यानें ती कारखानदाराच्या आधींच शोधून काढली होती. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी ही मोटार १९०८ मध्यें निघाली. तिची मागची बाजू काढून तेथें लांकडी खोका बसवून घेण्याची चाल खेड्यापाड्यांतून लवकरच पडली. ही लहर नव्हे, गरज आहे, हें ओळखून फोर्ड कंपनीनें एप्रिल १९२५ मध्यें तशी तयार गाडी विकावयास काढली. तिची किंमत २८१ डॉलर होती. घोडा गेला तरी घोड्याचें काम उरलें होतें. तें या गाडीनें उचललें.

पुढें युद्ध आलें. फेब्रुवारी १९४२ मध्यें अमेरिकेंत नागरिकांसाठीं मोटारी बनविणें बंद झालें. जुनें लोखंड युद्धकार्यासाठीं गोळा करण्याच्या मोहिमा गांवोगांव निघाल्या आणि अनेक जुन्या गाड्या त्यांत वितळल्या. ज्या उरल्या त्या शेतकऱ्यांनीं ठोकून, सांधून, तारा बांधून चालविल्या. घरच्या घरीं मोटार दुरुस्त करणें हा आज छंद दिसतो; त्या दिवसांत तो निरुपाय होता.

युद्धानंतर, १९४७ च्या उन्हाळ्यांत, शेव्हरोलेनें नवी मालिका काढली. ती १९५५ च्या आरंभापर्यंत चालली. आमच्या शेजाऱ्यांची गाडी याच मालिकेंतील. इंजिन सहा सिलिंडरांचें, २१६ घनइंचांचें. त्याचा वंश १९२९ पर्यंत मागें जातो. वीज सहा व्होल्टांची. पेटीचा तळ लांकडी फळ्यांचा, दोन फळ्यांमध्यें पोलादी पट्टी. बॉनेट उघडलें तर इंजिनाच्या दोन्ही बाजूंस हात सहज जातो, आणि जें सैल करावयाचें तें बहुधा साध्या पान्यानें सैल होतें. अशा गाडीचा उद्धार घरीं होऊं शकतो याचें कारण तिच्या घडणींतच आहे.

या मालिकेचें बाह्यरूप फारसें बदललें नाहीं. म्हणून गाडीचें साल ओळखण्यासाठीं बारीक खुणा पहाव्या लागतात. दाराच्या कांचेपुढें वारा घेण्याची लहान खिडकी असेल तर गाडी १९५१ च्या आधींची नव्हे. दाराच्या मुठीला दाबावयाचें बटण असेल तर ती १९५२ किंवा त्यानंतरची. शिलालेखावर शक कोरलेला नसला म्हणजे आपले संशोधक अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवितात, त्यांतलाच हा प्रकार. आणि कोणी दुसऱ्या गाडीचें दार आणून बसविलें असेल, तर बनावट ताम्रपटासारखी फसगतहि ठरलेलीच.

या गाड्या आपल्याला अगदींच परक्या नव्हत्या. शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्स कंपनी हिनें १९२८ मध्यें मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता, आणि तो १९५४ पर्यंत चालला. परंतु आपल्याकडे गाडी म्हातारी झाली कीं तिचे अवयव दुसऱ्या गाड्यांत जातात व सांगाडा भंगारांत. तिकडे जागा मुबलक. शेतकऱ्यानें थकलेली गाडी झाडाखालीं सोडून दिली आणि ती तेथेंच राहिली. जीर्णोद्धाराला आधीं जीर्ण वस्तु उरावी लागते.

लोखंड गंजतें म्हणजे तें आपल्या मूळ घरीं परत जातें. खाणींत तें प्राणवायूशीं संयुक्त असतें. भट्टींत कोळशाच्या जोरावर आपण त्यांस विभक्त करतों. ओलावा मिळतांच तीं दोन्हीं पुन्हां एकत्र येतात. गंज मूळ लोखंडापेक्षां कित्येक पट जागा व्यापतो. म्हणून तो रंगाला आंतून उचलतो, सांध्यांत शिरून पत्रा फुगवितो आणि भेगांतून आणखी पाणी आंत घेतो. खारें पाणी विजेचें चांगलें वाहक असल्यामुळें मिठाच्या संगतींत ही क्रिया झपाट्यानें होते. हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकून बर्फ वितळविण्याची प्रथा न्यू हॅम्पशायर संस्थानांत १९३८ च्या सुमारास पडली आणि युद्धानंतर उत्तरेकडे सर्वत्र पसरली. त्यामुळें तिकडची गाडी खालून मरते: पाय ठेवण्याची पायरी, केबिनचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा आणि दारांच्या खालच्या कडा.

आमच्या शेजाऱ्यांच्या कामांत घाई नव्हती. इंजिन जखडलें होतें. त्यांनीं सहाहि स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत तेल ओतलें, आणि रोज सकाळीं लांब दांड्याचा पाना लावून ते थोडाच जोर देऊन पहात. अकराव्या दिवशीं इंजिन अंगुळभर फिरलें, तेव्हां त्यांनीं कुंपणापलीकडून आम्हांस हांक मारली. लहान भागांसाठीं त्यांनीं विजेचा उपाय योजिला होता. पिंपांत पाणी आणि धुण्याचा सोडा; बॅटरी भरण्याच्या यंत्राचें ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडी पट्टीला. बुडबुडे निघतात, गंज सैल होऊन सुटतो आणि शाबूत लोखंड तसेंच राहतें. मायकेल फॅरडे यांनीं १८३३-३४ च्या सुमारास ज्या विद्युद्विघटनाचे नियम मांडले, तेंच येथें राबत असतें. बुडबुड्यांत हायड्रोजन असल्यामुळें हें काम उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर करावें लागतें. धन टोकाला स्टेनलेस पोलाद तर कधींच लावूं नये, कारण त्यांतून क्रोमियमचें विषारी संयुग पाण्यांत उतरतें. जेथें पत्राच कुजला तेथें मात्र कोणताहि लेप चालत नाहीं. शाबूत भागापर्यंत कापून नवा तुकडा जोडावा लागतो. गंजावर नुसता रंग देणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें.

येथपर्यंत प्रश्न कौशल्याचा होता. दाराशीं येतांच तो इतिहासाचा झाला. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत याच प्रश्नावर मोठा वाद माजला होता. फ्रान्समधील व्हियोले-ल-द्यूक यांच्या मतें जीर्णोद्धार म्हणजे इमारत पूर्णत्वास नेणें, मग तें पूर्णत्व पूर्वीं कधीं प्रत्यक्षांत असो वा नसो. इंग्लंडांत जॉन रस्किन यांनीं १८४९ मध्यें नेमकी उलट बाजू घेतली. असा जीर्णोद्धार हाच इमारतीचा नाश, असें त्यांचें प्रतिपादन. १८७७ मध्यें विल्यम मॉरिस यांनीं जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ संस्था स्थापिली. जुन्या भिंती खरवडण्याला तिचा विरोध असल्यामुळें तिला "खरवडविरोधी" असें टोपणनांवच पडलें. काचपेपर हातांत घेऊन दारापुढें थबकलेले आमचे शेजारी नकळत याच वादांत उतरले होते.

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींतहि हे दोन पंथ आहेत. एक गाडीला कारखान्यांतून निघालेल्या दिवसासारखी लखलखीत करतो. दुसरा सर्व ओरखडे राखून ती फक्त चालती करतो. जुन्या मोटारींच्या हौशी लोकांचा अमेरिकन संघ १९३५ मध्यें निघाला. मालमोटारींच्या इतिहासाची संस्था निघण्यास १९७१ साल उजाडलें. सरदारांच्या बखरी आधीं लिहिल्या जातात, कुणब्याची नोंद मागाहून होते.

पहिल्या पंथास आमचें सांगणें असें कीं कारखान्यांतून निघालेली गाडी लखलखीत होती खरी, पण त्या दिवशीं तिला इतिहास नव्हता. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या जुन्या देवळांना गांवकरी मोठ्या भक्तीनें तैलरंग फांसतात आणि त्याखालीं छिन्नीची खूण, कधीं कधीं लेखाचीं अक्षरेंहि, बुजून जातात. परंतु दुसऱ्या पंथाचा अतिरेकहि तितकाच घातक. गंजाला इतिहास मानून पूजावें, तर थोड्याच वर्षांत इतिहासहि उरत नाहीं. गंज ही नोंद नव्हे. ती नोंद खाणारी वाळवी आहे. म्हणून कोणतें चिन्ह माणसाच्या हातानें व कामानें पडलें आणि कोणतें केवळ दुर्लक्षानें, हा विवेक करावा. पहिलें राखावें, दुसरें काढून टाकावें.

हें उत्तर आम्हीं कांहींशा अभिमानानेंच त्यांस सांगितलें. त्यांनीं तें ऐकून घेतलें आणि दार आंतून दाखविलें. खालची कडा पार कुजली होती, आणि गंज वर चढत गांवाच्या नांवाच्या खालच्या अर्ध्या भागापर्यंत पोहोंचला होता. अक्षरें राखावीं तर दार जातें. दार राखावें तर अक्षरें कापलीं जातात. आमचा विवेक तेथें लंगडा पडला.

दोन दिवस त्यांनीं त्या दाराला हात लावला नाहीं. नंतर त्यावर पातळ कागद ठेवून अक्षरांचा ठसा घेतला, छायाचित्रें काढलीं, कुजलेली पट्टी कापली आणि नवा पत्रा जोडला. वरच्या जुन्या रंगावर पारदर्शक लेप दिला; खालच्या पट्टीस साधा हिरवा रंग. गांवाचें नांव अर्धेंच राहिलें. ठसा जवळ आहे, त्यावरून उरलेलीं अक्षरें पुरीं करून घ्यावीं, असें आम्हीं सुचविलें.

ते म्हणाले, "तीं मग मीं लिहिलेलीं होतील."

आम्हीं पुन्हां कांहीं सुचविलें नाहीं. जुन्या लेखांतील गळालेलीं अक्षरें कल्पनेनें भरून काढण्याचा मोह आम्हांसहि अनेकदां झालेला आहे, आणि तो प्रत्येक वेळीं आवरलाच असें सांगण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.