दंतवैद्याची खुर्ची, रडणारे मूल आणि तोंडावरचा हात

१/ दंतवैद्याच्या खुर्चीत बसताच किंचाळू लागणाऱ्या मुलाचे काय करावे? शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत यावर एक उत्तर दिले गेले : त्याचे तोंड हाताने झाकावे. हे उत्तर नोंदवणारी स्त्री मुलांच्या दंतोपचारांची अग्रणी होती.

२/ लॉस एंजेलिसच्या डॉ. इव्हँजेलिन जॉर्डन यांनी १९०९ साली आपला व्यवसाय केवळ मुलांपुरता ठेवला. दुधाचे दात पडणारच, मग उपचार कशाला, या समजुतीला तो छेद होता. मात्र ऐकतच नसलेल्या मुलाच्या तोंडावर घडी केलेला रुमाल धरावा, असेही त्यांनी १९२०च्या दशकात लिहिले. आवाज थांबला की मूल विचार करू लागते, हा त्यामागचा तर्क. पुढे ही पद्धत ‘हँड ओव्हर माउथ’ म्हणून ओळखली गेली.

३/ त्याच दशकात भीतीकडे पाहण्याची दुसरी दृष्टी आकाराला येत होती. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर या लहान मुलावरील प्रयोग प्रसिद्ध केला. तो आवडता खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणला गेला आणि अखेर पीटर त्याला हात लावू लागला.

४/ १९५९ साली हॅरॉल्ड अ‍ॅडेलस्टन यांनी दंतवैद्यांपुढे तीन पायऱ्या मांडल्या : सांगा, दाखवा, करा. आधी मुलाला समजेल अशा शब्दांत सांगायचे. मग, उदाहरणार्थ, फिरता ब्रश त्याच्या नखावर चालवून दाखवायचा. आणि त्यानंतर जे सांगितले तेच, तसेच करायचे. शब्द आणि कृती यांत अंतर पडले, तर विश्वास तुटतो.

५/ १९६२ साली स्पेन्सर फ्रँकल आणि सहकाऱ्यांनी विचारले : उपचाराच्या वेळी पालकांनी मुलाजवळ थांबावे का? साधारण साडेतीन ते चार वर्षांच्या मुलांना त्याचा लाभ होतो, असे त्यांना आढळले. मुलाचे सहकार्य नोंदवण्याची त्यांची चार श्रेणींची मोजपट्टी आजही वापरात आहे.

६/ तरीही तोंडावरचा हात लगेच दूर झाला नाही. पालकांच्या बदलत्या अपेक्षा आणि संमतीचे कायदेशीर प्रश्न यांमुळे तो वादग्रस्त ठरत गेला. अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या संघटनेने ही पद्धत आपल्या मार्गदर्शक सूचनांतून वगळली ती २००६ साली. म्हणजे अ‍ॅडेलस्टन यांच्या मांडणीनंतर ४७ वर्षांनी.

७/ तोपर्यंत दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदल्या. एकीने मुलाचे रडणे हा हट्ट मानला, दुसरीने तो न विचारलेला प्रश्न मानला : माझ्या तोंडात आता काय होणार आहे?