दिल्ली होय, ऐक

दिग्रसच्या आमच्या घरात दादांचा मर्फी रेडिओ भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. त्याचं पोस्टातून काढलेलं लायसन्सचं पुस्तक अम्मीनं अजून जपून ठेवलंय. तेव्हा रेडिओ ऐकायलाही परवाना लागे. १९८०च्या दशकात ती पद्धत बंद झाली.

रात्री दादा आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस लावत. ही सेवा १९६५मध्ये, भारत-पाक युद्धाच्या काळात, दिल्लीहून सुरू झाली. पाकिस्तानातल्या श्रोत्यांपर्यंत भारताची बाजू पोहोचवायची, हा तिचा हेतू. पण तिचे चाहते इथेही गावोगावी तयार झाले. बातम्यांसोबत गझल असे, मुशायरे असत, फर्माइशीची गाणी असत.

अब्बा सांगतात, १९७१च्या लढाईत शेजारच्या काकांनी ओट्यावरूनच विचारलं, "चाचा, पाकिस्तान लावलं काय?" दादांनी रेडिओ उचलून बाहेर आणला, आवाज वाढवला आणि म्हणाले, "नाही गा, दिल्ली होय. ऐक." काका बसले. पुढे रोज बसू लागले.

तसं पाहिलं तर परदेशी स्टेशन सारा देशच ऐकत होता. १९५२मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत मागं पडलं. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षी सुरू झाली. शेवटी १९५७मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' काढावी लागली. सिलोन ऐकणाऱ्याला तुझं लक्ष परदेशात का, असं कुणी विचारलं नाही. दादांना मात्र दिल्ली ऐकताना खुलासा द्यावा लागला.

१९९५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत 'रिअलऑडिओ' आलं आणि इंटरनेटवरून आवाज थेट ऐकता येऊ लागला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. आता उर्दू सर्व्हिस कॉम्प्युटरवर, मोबाईलवर लागते. खरखर नाही, एरियलची तार नाही. पण रचना पार बदलली. पूर्वी मनोऱ्यावरून निघालेली एकच लहर सगळ्यांच्या घरात शिरायची. कोण ऐकतंय हे मनोऱ्याला कळत नसे. आता आवाजाचे तुकडे करून ते प्रत्येक श्रोत्याला वेगळे पाठवले जातात. कोणत्या जोडणीवर किती वेळ ऐकलं गेलं, याची नोंद राहू शकते.

शिवाय पुढचे काही सेकंद साठवून मग ऐकवायचं, म्हणून आवाज उशिरा येतो. रमजानमध्ये दादा बातम्यांआधीच्या टिक्-टिक्वर घड्याळ लावायचे. इंटरनेटवरच्या टिक्-टिक्वर घड्याळ लावलं, तर ते मागंच पडेल.

मागच्या वर्षी यवतमाळच्या बसमध्ये मी ऐकत होतो. इयरफोनची पिन निसटली आणि उर्दू बातम्या बसभर ऐकू आल्या. मी घाईनं मोबाईल बंद केला. कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. मग मी कशाला घाबरलो? दादांना लढाईच्या दिवसांत जे जमलं, ते मला साध्या दिवशी जमलं नाही.

त्यानंतर वायफायवर चालणारा एक रेडिओ घेतला. त्याला इयरफोन लावत नाही. तो त्याच कोनाड्यात ठेवलाय आणि संध्याकाळी समोरचं दार उघडं असतं.