भीमाकाठचा रोगी आणि शस्त्रक्रियेची वाट

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि करमाळा व माढा तालुक्यांतील कित्येक गावांच्या काळ्याभोर जमिनी भीमेच्या पाण्याखाली गेल्या. त्या जमिनींचा एकर-गुंठ्यांचा हिशेब महसुली दफ्तरांत सापडतो. परंतु याच गावांतला माणूस पोटातल्या दुखण्याने आडवा झाला म्हणजे कोणत्या वाटेने कोणाकडे जात असे, हाही त्या गावांच्या इतिहासाचाच भाग आहे, असे मला वाटते.

ती वाट दीर्घकाळ रुळांची होती. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उभारले, आणि बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग पंढरपुरावरून १९२७ साली मिरजेस पोहोचल्यावर जेऊर-केमकडच्या रोग्याला कुर्डुवाडीस गाडी बदलून थेट त्या शस्त्रवैद्यांच्या दारी जाता येऊ लागले. पुढे १९६३ मध्ये सोलापुरातच वैद्यकीय महाविद्यालय निघाले.

तरीही शरीरातील काही जागा शस्त्रवैद्याला दुर्गमच राहिल्या. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी ही त्यांपैकी एक. तिच्यात क्वचित चरबी आणि अस्थिमज्जा यांची मिळून एक कर्करोगाची नसलेली गाठ वाढते. गिर्के यांनी १९०५ मध्ये तिचे वर्णन केले व ओबरलिंग यांनी १९२९ मध्ये तिला मायलोलिपोमा हे नाव दिले. लहान गाठ नुसती नजरेखाली ठेवली तरी चालते, पण मोठी झालेली गाठ दुखते, आणि कधी आतल्या आत रक्तस्राव होऊन जिवावर बेतते. ती काढायची तर पूर्वी कुशीत वीतभर छेद, प्रसंगी बारावी बरगडीही कापावी लागे. म्हणजे गाठ साधी असूनही ती काढण्यासाठी केलेली जखमच मोठी, आणि ऊस तोडणाऱ्याचे किंवा जलाशयात जाळे ओढणाऱ्या भोयाचे हातपाय कित्येक आठवडे बांधलेले.

हे चित्र पालटण्यात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांचा वाटा मोठा आहे. मुंबईत १९७२ पासून ते दुर्बिणीने पोट तपासत होते, आणि १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी त्याच मार्गाने पित्ताशय काढले. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर चालते त्यालाच ही पद्धती अधिक हवी, हे त्यांनी आग्रहाने प्रतिपादिले. त्याच १९९० साली अमेरिकेत क्लेमन यांनी मूत्रपिंड दुर्बिणीतून काढले, आणि १९९२ मध्ये कॅनडात गान्ये यांनी अधिवृक्क ग्रंथी तशीच काढल्याचे जाहीर केले. ही ग्रंथी काढताना रोग्याला कुशीवर वळवायचे, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, तीन-चार बोटभर छिद्रांतून साधने घालायची. उजव्या बाजूस यकृत अलगद वर उचलायचे आणि थेट महाशिरेला मिळणारी ग्रंथीची आखूड शीर चिमट्यांनी बंद करायची. सारे कौशल्य त्या शिरेपाशी पणाला लागते. मग गाठ पिशवीत घालून बाहेर काढतात आणि रोगी थोड्याच दिवसांत घरी जातो.

जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होते, आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर मोठ्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. छेद लहान झाला, खर्चाचा भार हलका झाला. पण रोग्यासोबत शहरात राहणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज अजून घरच्यांनाच सोसावा लागतो, आणि त्याची तजवीज कोणीतरी करावयास हवी.