‘सार्वकालिक’ या एका शब्दापायी

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात ‘सार्वकालिक’ हा शब्द दोनदा येतो, एकदा शिक्षेला आणि एकदा जीवनाला. मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे एकच शब्द आहे, ‘आयोनिओस’. या शब्दाच्या अर्थापायी १८५३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातील ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांची नोकरी गेली.

हा वाद त्यांच्या घरातच होता. वडील युनिटेरियन पाळक. आई पुढे कॅल्विनपंथी झाली आणि देवाने निवडलेल्यांत आपण नाही, अशी त्या माउलीची समजूत झाली. देव काहींना तारतो हे तिला मान्य होते, फक्त त्यांत आपण नाही! अशा आईच्या मुलाला नरक हा केवळ पुस्तकी विषय कसा वाटेल?

‘थिऑलॉजिकल एसेज’च्या अखेरीस त्यांनी मांडले ते असे: योहान १७:३ मध्ये प्रभू सार्वकालिक जीवन म्हणजे पित्याला ओळखणे असे सांगतो. तिथे वर्षांची मोजदाद नाही. मग सार्वकालिक मरण म्हणजे त्या ओळखीला मुकणे. प्रायश्चित्ताविषयीही त्यांचे म्हणणे याच वळणाचे होते. क्रूसाने रागावलेल्या पित्याचे मन वळवले नाही. पित्याच्या मनात होते तेच क्रूसावर दिसले.

प्राचार्य जेल्फ यांना हे धोक्याचे वाटले, आणि याने विद्यार्थ्यांची मने डळमळतील असे कॉलेजच्या मंडळाने ठरवले. त्यांची काळजी अगदीच टाकाऊ नव्हती. एकाच वचनात जीवन अनंत तर शिक्षाही अनंतच, हा संत ऑगस्टीनचा जुना मुद्दा आजही सहज खोडता येत नाही. मंडळावरचे ग्लॅडस्टन म्हणाले, आधी जाणत्यांकडून पुस्तक तपासून घ्या. ते फेटाळले गेले. मॉरिस यांनी दाखवून दिले की, सर्वांचे तारण होईल म्हणणाऱ्यांना दोषी ठरवणारे १५५३ चे बेचाळिसावे कलम चर्च ऑफ इंग्लंडने १५६३ मध्ये गाळले होते. त्याचाही उपयोग झाला नाही.

गंमत म्हणजे सगळे तरतीलच, असे मॉरिस म्हणत नव्हते. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी बाप्तिस्मा न झालेले पणजोबा होऊन गेले, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले त्यांच्याविषयी हमखास विचारतात. मॉरिस त्यांना आयते उत्तर देत नाहीत. पित्याच्या प्रेमाला हद्द आखायचे मात्र ते साफ नाकारतात, आणि आम्हालाही मुलांपुढे तेवढेच धीराने म्हणता येते.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, त्यांनी लंडनमध्ये कामगारांसाठी कॉलेज उघडले आणि स्वतः त्याचे प्राचार्य झाले.