चंक्रमण आणि तळपायाची संवेदना : विनयातील दोन सोणांची साक्ष

चंक्रमण म्हणजे आखून घेतलेल्या जागेवर येरझारा घालीत करावयाची साधना. विहारात आपण ती करतो. परंतु तिच्या इतिहासाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या इतिहासाची महत्त्वाची साक्ष विनयपिटकातील महावग्गाच्या पाचव्या खंधकात, चम्मक्खंधकात, आढळते. वरवर पाहता हा खंधक पादत्राणे व चामड्याच्या वस्तूंविषयीचे नियम सांगतो. आमच्या मते मात्र पाऊल आणि पावलाला जाणवणारी भूमी हा त्याचा गाभा आहे.

खंधकाचा आरंभ सोण कोळिविसाच्या कथेने होतो. चंपानगरीतील हा श्रेष्ठिपुत्र इतका सुकुमार होता की त्याच्या तळपायांवर लव उगवली होती. ते पाय पाहण्यासाठी राजा बिंबिसाराने त्याला राजगृहास बोलाविले. तेथे तथागतांचा उपदेश ऐकून तो भिक्षू झाला. पुढे सीतवनात त्याने इतके कठोर चंक्रमण केले की पाय फुटून चंक्रमणाची जागा रक्ताने माखली. ते पाहून तथागतांनी त्याला वीणेचा दृष्टान्त दिला. तार फार ताणली तरी वीणा वाजत नाही आणि फार सैल सोडली तरीही नाही. वीर्यातही असेच समत्व हवे. पावलाची वेदना सोसण्यातच पुरुषार्थ आहे, असे तथागत म्हणाले नाहीत. प्रयत्नाची मर्यादा ओलांडली गेली, हेच त्या रक्ताने दाखविले होते.

सोण अर्हत झाल्यावर तथागतांनी त्याला एकपदरी तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. ऐंशी गाड्या सोने सोडून आलेला सोण आता वहाणांत गुंतला, असे लोक म्हणतील. संघाला अनुज्ञा मिळाली तरच आपण वापरू, असे त्याने निवेदन केले. तेव्हा ती अनुज्ञा सर्व संघाला मिळाली. अधिक पदरांच्या वहाणांना मात्र मनाई राहिली.

हा नियमही अचल नव्हता. त्याच खंधकाच्या अखेरीस दुसरा सोण, सोण कुटिकण्ण, अवंतीहून श्रावस्तीस येतो. आपले आचार्य महाकच्चान यांच्या वतीने तो पाच विनंत्या मांडतो. त्यांपैकी एक पादत्राणांविषयी आहे : अवंती-दक्षिणापथातील भूमी वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, म्हणून तेथे अनेक पदरांच्या वहाणांची अनुज्ञा असावी. तथागतांनी सर्व प्रत्यंत जनपदांसाठी ती मान्य केली. पावसाळ्यात गुरांनी तुडविलेली काळी जमीन उन्हाळ्यात वाळली म्हणजे पायाला कशी बोचते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मगधाच्या भूमीवर ठरलेला नियम दक्षिणेच्या भूमीपुढे बदलला, तो चालणाऱ्याच्या अनुभवावरून.

पुढे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, अनुराधपूरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ रचला. त्यात एका पावलाचे सहा भाग केलेले आहेत : उद्धरण म्हणजे पाऊल उचलणे, अतिहरण म्हणजे पुढे नेणे, वीतिहरण म्हणजे खुंट, काटा वा साप दिसताच बाजूस वळविणे, वोस्सज्जन म्हणजे खाली सोडणे, सन्निक्खेपन म्हणजे भूमीवर ठेवणे आणि सन्निरुम्भन म्हणजे दुसरे पाऊल उचलताना पहिले दाबून धरणे. पहिल्या तीन भागांत तेज व वायू या धातूंचे प्राबल्य असते, उरलेल्या तिहींत पृथ्वी व आप यांचे. म्हणजे पाऊल उचलताना हलकेपणा आणि टेकताना जडपणा जाणवतो. ज्याला आपण ‘मी चालतो’ म्हणतो, तेथे उपजत व लय पावत जाणाऱ्या अवस्थाच साधकाला दिसतात. विसाव्या शतकात ब्रह्मदेशातील महासी सयाडो (१९०४–१९८२) यांच्या विपश्यनापद्धतीमुळे पावलाच्या टप्प्यांची नोंद घेण्याची ही रीत गृहस्थ साधकांतही रुजली.

आजचे शरीरशास्त्र सांगते की तळपायाच्या त्वचेतील स्पर्शग्राहक चेतातंतू दाबाची वार्ता सतत मेंदूकडे पोहोचवितात आणि तिच्या आधारे तोल व पुढचे पाऊल सावरले जाते. मधुमेहाने वा कुष्ठरोगाने ही जाणीव मंदावली की जखम होऊनही कळत नाही. वेदना ही केवळ पीडा नसून ते ज्ञानही आहे, हे येथे स्पष्ट होते.

या इतिहासाकडे आम्ही आणखी एका कारणाने पाहतो. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून आपण तुडविलेली धूळ मागे झाडीत जावे, असा दंडक होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्याची नोंद केली आहे. ज्या समाजव्यवस्थेने पाऊल विटाळाचे मानले, तिने त्या पावलाला काय बोचते हे कधी विचारले नाही. विनयाने ते विचारले, आणि उत्तर ऐकून नियम बदलला. तोही एका श्रेष्ठिपुत्रापुरता नव्हे, तर सर्वांसाठी. चंक्रमण करताना तळपाय भूमीला टेकतो तेव्हा या दोन्ही गोष्टींचे स्मरण असावे.